म्हाताऱ्या सशाची स्वच्छता

पुण्याहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांतील मजकूर थोडक्यांत असा: घरीं एक पांढरा ससा आहे. मुलाच्या हौसेखातर आणला तेव्हां तो ओंजळींत मावत असे. आज त्यास आठ वर्षें होऊन गेलीं. ज्या मुलासाठीं आणला तो आतां शिक्षणाकरितां परगांवीं आहे, आणि ससा घरीं. अलीकडे त्याची पाठीमागची बाजू नेहमीं बरबटलेली असते, मांड्यांचे केस पिवळे पडून चिकटले आहेत व जवळ गेलें कीं उग्र दर्प येतो. सासूबाईंनीं एकदां त्यास मोरींत नेऊन नळाखालीं साबणानें स्वच्छ धुतलें. तर तो दिवसभर कांपत बसला व रात्रीं त्यानें गवताची काडीहि तोंडांत धरली नाहीं. आतां घरांत दोन पक्ष पडले आहेत. वडील मंडळी म्हणतात, त्यास गॅलरींत ठेवा. धाकटे दीर म्हणतात, टेकडीवर नेऊन सोडा, रानचा जीव रानांत सुखी राहील. "आपलें मत काय?" असें त्या भगिनी विचारतात.

शेवटचा प्रश्न प्रथम घेतों, कारण त्यांत एका जीवाच्या मरणाची गोष्ट आहे. आपल्या घरांतला ससा व आपल्या माळावरचा रानससा हे नांवानें एक असले तरी जातीनें भिन्न आहेत. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील, बिळें करून राहणारा प्राणी. त्याचीं पिल्लें उघड्या अंगाचीं व मिटल्या डोळ्यांचीं जन्मतात. आपला रानससा बीळ करीत नाहीं. झुडपाच्या आडोशानें उघड्यावर बसतो आणि त्याचीं पिल्लें केसाळ व उघड्या डोळ्यांचींच जन्मास येतात. पंचतंत्रांत सिंहास विहिरीपाशीं नेणारा जो चतुर शशक आपण लहानपणीं वाचला तो रानचा. पिढ्यान् पिढ्या मनुष्याच्या हातचें खाल्लेला पांढरा ससा टेकडीवर सोडणें म्हणजे त्यास कुत्र्यांच्या तोंडीं देणें होय. त्यांतून म्हाताऱ्यास तर एक रात्रहि निभावणें कठीण. शिवाय पाळलेल्या प्राण्यास उपासमार होईल अशा स्थितींत टाकून देणें हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां तो विचार मनांतून काढून टाकावा. गॅलरीचा विचार त्याहून बरा वाटतो खरा, पण पुढें माशांविषयीं जें लिहिलें आहे तें वाचून मग ठरवावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ससा हा स्वभावतः अत्यंत स्वच्छ प्राणी आहे. धडधाकट ससा दिवसांतून अनेक वेळां पुढच्या पायांनीं तोंड पुसतो, कान खालीं ओढून चाटतो, मान वळवून पाठ व पोट साफ करतो. त्यास कोणी स्नान घालावें लागत नाहीं. असा प्राणी घाणेरडा दिसूं लागला, तर तो आळशी किंवा ओंगळ झाला असें समजूं नये. त्यास स्वतःचें अंग साफ करतां येईनासें झालें आहे, हा त्याचा अर्थ. म्हणून केवळ धुवून काम भागत नाहीं. आज धुतला, तर परवां पुन्हां तसाच होणार. कां येईनासें झालें तें शोधलें पाहिजे.

पाळीव सशाचें आयुष्य साधारणपणें ८ ते १२ वर्षांचें असतें. (ऑस्ट्रेलियांतील टास्मानिया बेटावर १९६४ सालीं धरलेला एक ससा १९८३ पर्यंत, म्हणजे १८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे, पण तो अपवाद.) पांच-सहा वर्षांनंतर त्याचें उतारवय सुरू होतें. आठ वर्षांचा ससा म्हणजे घरांतील आजोबाच समजावे, आणि आजोबांचीं दुखणीं त्यासहि होतात: सांधे धरतात, पाठीचा कणा ताठरतो, दांत त्रास देतात, मूत्राशय बिघडतें.

मळ कीं मूत्र?

प्रथम सशाची मागची बाजू कशानें भरली आहे तें नीट पाहावें. मळानें बरबटली असेल तर एक प्रकार, मूत्रानें भिजत असेल तर दुसरा. दोन्ही एकत्रहि असूं शकतात.

मळाचें कारण समजण्यास सशाच्या पचनाची एक चमत्कारिक रीत ठाऊक असली पाहिजे. ससा दोन प्रकारचा मळ टाकतो. एक, कोरड्या, वाटोळ्या, वाटाण्याएवढ्या लेंड्या. त्या आपण रोज पाहतों. दुसरा, मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या लहानशा घडासारखा. तो सहसा आपल्या दृष्टीस पडत नाहीं, कारण ससा तो गुदद्वाराशींच तोंड नेऊन लगोलग गिळून टाकतो. हें वाचून पुष्कळांस किळस येईल. परंतु गाय चारा एकदां गिळून पुन्हां तोंडांत आणते व रवंथ करते, त्याचा आपणांस विटाळ वाटत नाहीं. सशाचा हेतु तोच आहे. गवतांतील सत्त्व एका फेरींत निघत नाहीं. त्याच्या उंडुकांत, म्हणजे आंधळ्या आतड्यांत, सूक्ष्म जंतु त्या चाऱ्यास आंबवितात, आणि त्यांतून तयार झालेलीं प्रथिनें व 'ब' जीवनसत्त्वें या मऊ मळावाटें ससा पुन्हां पोटांत घेतो. हें त्याचें रोजचें भोजनच होय. त्यापासून त्यास परावृत्त करूं नये.

म्हाताऱ्या सशास हा घड घेतां आला नाहीं म्हणजे तो तसाच शेपटीखालीं चिरडतो, केसांस चिकटतो व सुकून दगडासारखा होतो. घेतां न येण्याचीं मुख्य कारणें चार. पहिलें, कणा किंवा खुब्याचे सांधे दुखत असल्यानें मान तेथवर वळत नाहीं. दुसरें, अंगावर चरबी फार झाल्यानें तोंड पोंचत नाहीं. तिसरें, दाढा दुखत असल्यानें तोंड लावावेंसेंच वाटत नाहीं. चौथें, पिष्टमय व गोड खाणें अधिक झाल्यानें मऊ मळ गरजेपेक्षां फाजील होतो व ससा तो टाकून देतो. आमच्या घरांतून चौथें कारण फार आढळतें. कौतुकानें पोळीचा तुकडा, बिस्किट, केळें, भिजवलेले हरभरे, भाताचीं शितें असें ज्याच्या त्याच्या हातून सशास मिळत असतें; एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ, आणि प्रत्येकास वाटतें कीं आपण थोडेंसेंच दिलें.

येथें एक सावधगिरीची सूचना. मऊ मळाबरोबर नेहमींच्या वाटोळ्या लेंड्याहि पडत असतील तर वरील प्रकार समजावा, व सावकाश उपाय करावे. वाटोळ्या लेंड्या अजिबात बंद होऊन केवळ पातळ मळ होत असेल, तर ती खरी हगवण होय. त्यांत सशाचा जीव अल्पावधींत जाऊं शकतो. त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें.

मूत्राचें प्रकरण निराळें आहे. धडधाकट ससा लघवी करतांना मागचा भाग उचलतो. सांधे धरलेल्यास तो उचलतां येत नाहीं. मग मूत्र स्वतःच्याच मांड्यांवर पडतें, कातडी ओली राहून लाल होते, केस गळतात व फोड येतात. दुसरें कारण मूत्राशयांतील गाळ. सशाचें शरीर अन्नांतील कॅल्शियम आपल्यासारखें मोजून घेत नाहीं. बहुतेक सारें शोषून घेतें व जास्त झालेलें मूत्रावाटें टाकतें. म्हणून सशाची लघवी किंचित् गढूळ, चुन्याच्या निवळीसारखी असणें हें स्वाभाविक आहे. परंतु ती लापशीसारखी घट्ट येऊं लागली, ससा वारंवार बसून कुंथूं लागला किंवा थेंब थेंब गळूं लागलें, तर मूत्राशयांत गाळ किंवा खडा झाला असावा अशी शंका घ्यावी. यांतहि, जागच्या जागीं मागचे पाय लुळे पडून लघवीवरचा ताबा सुटणें हें कण्याच्या किंवा मज्जातंतूंच्या विकाराचें लक्षण असूं शकतें.

लघवी तांबूस दिसली कीं लोक घाबरतात. पुष्कळदां तो पाल्यांतील रंगद्रव्यांचा परिणाम असतो. अशा वेळीं सर्व लघवी सारख्या विटकरी रंगाची असते व सशाच्या वागण्यांत फरक नसतो. मात्र फिकट लघवींत लालभडक डाग किंवा गांठी दिसल्या तर तें रक्त समजावें. विशेषतः ज्यांच्या घरीं मादी आहे व तिचें गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढलेलें नाहीं, त्यांनीं अशा वेळीं एक दिवसहि दवडूं नये. चार-पांच वर्षांवरील माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग हा अत्यंत सामान्य रोग आहे, व वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास मादी वांचते.

धुवावें कसें?

सशास संपूर्ण स्नान कधींहि घालूं नये. त्याची लोंकर दाट असते. ती भिजली कीं लवकर वाळत नाहीं व अंग गार पडतें. त्याहून मोठें भय दुसरेंच. नळाखालीं धरलेला ससा भीतीनें मागच्या पायांनीं जोराची लाथ मारतो. त्याचे पायांचे स्नायु बलवान व हाडें हलकीं. त्या एका झटक्यानें कमरेजवळचा मणका मोडूं शकतो, व मग तो जन्माचा पांगळा होतो. म्हणून उचलतांना एक हात छातीखालीं व दुसरा मागच्या अंगाखालीं घालून आपल्या पोटाशीं धरावा. कानांस धरून उचलण्याची चाल आपल्याकडे अजून दिसते. ती सर्वथा त्याज्य आहे.

थोडा मळ असेल तर पाण्याची गरजच नाहीं. ओला मळ सुकूं द्यावा, त्यावर मक्याचें सत्त्व, ज्यास बाजारांत कॉर्नफ्लॉवर म्हणतात तें, भुरभुरावें, बोटांनीं हळूहळू चुरडून सोडवावें व बारीक फणीनें काढावें. मुलांची अंगास लावण्याची पावडर वापरूं नये; ती नाकांत जाऊन श्वासास त्रास होतो. मळ घट्ट चिकटला असेल तर पसरट भांड्यांत दोन बोटें कोमट पाणी घ्यावें, तळाशीं जुना पंचा घालावा म्हणजे पाय घसरत नाहींत, व सशाचा फक्त मागचा भाग त्यांत टेकवून दोन-तीन मिनिटें भिजूं द्यावा. एकानें सशास धरावें, दुसऱ्यानें गांठ सोडवावी. ओढून काढूं नये. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते व केसांबरोबर फाटून येते. त्याच कारणानें घरीं कात्री चालविण्याचें धाडस करूं नये; तें काम पशुवैद्याच्या यंत्रावर सोपवावें. नंतर कोरड्या पंच्यानें टिपून, वाऱ्यापासून दूर, पूर्ण वाळेपर्यंत उबेंत ठेवावा.

साबण, डेटॉल, हळद, तेल, तूप यांपैकीं कांहींहि लावूं नये. अंगास जें लागेल तें ससा चाटून पोटांत घेणार, हें नेहमीं ध्यानांत असावें. गुह्यांगाच्या दोहों बाजूंस दोन लहान खळगे असतात. त्यांत काळसर मेणासारखा दर्पयुक्त पदार्थ सांचतो. पुष्कळदां घरभर येणारा वास तेथलाच असतो. महिन्यांतून एकदां कोमट पाण्यांत भिजवलेल्या कापसानें तो हळुवारपणें काढावा.

आसन व भोजन

म्हाताऱ्या सशास जागा मऊ, कोरडी व न घसरणारी हवी. गुळगुळीत लादीवर त्याचे मागचे पाय फांकतात व दुखरे सांधे अधिक दुखतात. तेथें सतरंजी किंवा चटई अंथरावी. तारेच्या जाळीचा तळ असलेला पिंजरा तर मुळींच नको. त्यानें टांचांस जखमा होतात. बिछान्यास जुन्या सुती लुगड्याच्या घड्या उत्तम. त्या रोज बदलाव्या, गरम पाण्यांत धुवून उन्हांत वाळवाव्या. मात्र ससा कापड कुरतडून गिळत नाहीं ना, इकडे लक्ष असावें. लघवीचें ताट कडेनें इतकें बुटकें असावें कीं त्यास उडी न मारतां आंत जातां येईल. त्यांत वर्तमानपत्राचे थर व वर वाळलें गवत घालावें, व तें दिवसांतून दोनदां बदलावें. सांचलेल्या मूत्रांतून जो झोंबणारा वायु निघतो त्यानें सशाचे डोळे व फुप्फुसें बिघडतात. आपल्या नाकास दर्प येतो तेव्हां जमिनीशीं नाक असलेल्या त्या प्राण्यास तो कितीतरी आधींपासून येत असतो.

आहाराचें मुख्य सूत्र एकच: गवत. त्याच्या देहाएवढा वाळल्या गवताचा ढीग रात्रंदिवस समोर असावा. आपल्या अंगणांतील स्वच्छ हरळी, जी आपण गणपतीस वाहतों ती दूर्वा, त्यास फार आवडते व मानवते. मात्र फवारा मारलेली किंवा रस्त्याकडेची नको. थोडी मेथी, कोथिंबीर, शेपू द्यावी. गाजर गोड असल्यानें एखादी चकतीच. बाजारचें गोळीखाद्य वजनाच्या एका किलोमागें दिवसास २०-२५ ग्रॅमपेक्षां अधिक नको. फार रोडावलेल्या सशाचें प्रमाण मात्र पशुवैद्यानें ठरवावें. लसूणघासांत कॅल्शियम फार असतें. वाढत्या पिल्लांस तो चालतो, म्हाताऱ्यास देऊं नये. आहारांतील कोणताहि बदल आठ-पंधरा दिवसांत हळूहळू करावा. पाणी बाटलीच्या नळीपेक्षां जड तळाच्या वाटींत ठेवावें. मान न उचलतां ससा अधिक पाणी पितो व मूत्राशयांत गाळ सांचत नाहीं.

सशाचे दांत जन्मभर वाढत असतात. गवताच्या चर्वणानें ते झिजतात. पोळी-बिस्किटानें झिजत नाहींत. दाढांस टोकें आलीं कीं जीभ व गाल कापले जातात. हनुवटी लाळेनें ओली राहणें, घास तोंडांतून पडणें, गवत सोडून मऊच खाणें, एका डोळ्यास सारखें पाणी येणें, हीं त्याचीं लक्षणें. पुढचे दांत घरीं नखें कापण्याच्या हत्यारानें कापण्याचा प्रयत्न कोणी करूं नये. दांत उभा चिरतो व मुळाशीं पू होतो.

माशांचें संकट

आतां गॅलरीची गोष्ट. उन्हाळ्याच्या शेवटीं व पावसाळ्यांत हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या माशा आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. मळामूत्रानें ओलावलेली सशाची मागची बाजू म्हणजे त्यांस आमंत्रणच. माशी तेथें अंडीं घालते. उबदार हवेंत एका दिवसाच्या आंत त्यांतून अळ्या निघतात व जिवंत सशाचें मांस खाऊं लागतात. बाहेरून केस जसेच्या तसे दिसतात, आंत पोखरण चालूं असतें. काल साधारण बरा असलेला ससा उद्यां मरूं शकतो. ज्या सशास मान वळवून आपली पाठ पाहतां येत नाहीं, त्यास दृष्टीआड गॅलरींत ठेवणें किती धोक्याचें आहे हें यावरून ध्यानांत यावें. तो घरांतच, माणसांच्या वावरांत असावा, खिडक्यांस जाळी असावी, आणि पावसाळ्यांत सकाळ-संध्याकाळ त्याची शेपटी उचलून पाहण्याचा नेम असावा.

अळ्या दिसल्याच, तर तो तांतडीचा प्रसंग समजून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावा. गुरांच्या जखमांत अळ्या पडल्या म्हणजे टर्पेंटाइन घालण्याची पद्धत आहे. सशाच्या बाबतींत तें किंवा फिनेल, घासलेट यांपैकीं कांहींहि वापरूं नये. कुत्र्यांच्या गोचिडांवर मिळणारें फिप्रोनिल नांवाचें औषध तर सशास विषच आहे.

औषधें व वैद्य

याहूनहि महत्त्वाची सूचना घरच्या औषधांच्या डब्याविषयीं. आपल्या बहुतेक घरांत अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या गोळ्या किंवा मुलांचें तें औषध पडलेलें असतें. 'मुलास चालतें, मग सशास कां नाहीं?' असा तर्क मनांत येतो. हें औषध तोंडावाटें दिल्यास सशाच्या उंडुकांतील उपकारक जंतु मरतात, अपायकारक जंतु माजून विष उत्पन्न करतात, व ससा दगावतो. मनुष्याचें वेदनाशामकहि देऊं नये. सांधेदुखीवर सशांस चालणारीं चांगलीं औषधें आज उपलब्ध आहेत, व त्यांच्या योगानें कित्येक म्हातारे ससे पुन्हां स्वतःचें अंग स्वच्छ करूं लागतात. पण तीं पशुवैद्याच्या सांगण्यावरून व त्यानें ठरविलेल्या मात्रेनेंच द्यावीं.

आपल्याकडे पशुवैद्यांची परंपरा जुनी आहे. मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचें. परंतु पुष्कळ वैद्यांची संवय गाई-म्हशींची किंवा कुत्र्या-मांजरांची असते. म्हणून आधींच विचारावें कीं, आपण ससे पाहतां काय? आणखी एक खूण सांगतों. "शस्त्रक्रियेपूर्वीं सशास रात्रभर उपाशी ठेवावें काय?" असें विचारावें. सशास वांती होऊंच शकत नाहीं, व उपाशी राहिल्यास त्याचें आतडें थांबतें. म्हणून जाणता वैद्य "ठेवूं नका" असें सांगेल.

ससा दुःख बोलून दाखवीत नाहीं. ज्यास सर्वच प्राणी खावयास टपलेले, त्यानें दुबळेपणा दाखविणें म्हणजे मरण ओढवून घेणें. म्हणून निसर्गानें त्यास मुका केला आहे. कुबड काढून कोपऱ्यांत बसणें, दांत करकर वाजविणें, अर्धवट मिटलेले डोळे, गार पडलेले कान, हीच त्याची भाषा. दहा-बारा तास त्यानें कांहीं खाल्लें नाहीं किंवा लेंडी टाकली नाहीं, तर सकाळची वाट पाहूं नये.

म्हणून आमची सूचना अशी कीं, घरांत एक लहानशी वही घालावी. दर रविवारीं स्वयंपाकघरांतल्याच्या जोडीस एक स्वतंत्र तराजू ठेवून सशाचें वजन करावें व लिहावें. रोज चार गोष्टी नोंदवाव्या: गवत खाल्लें काय, पाणी किती प्यालें, लेंड्या कशा आहेत, मागची बाजू कोरडी आहे काय. वर्गांत हजेरीपट जसा न बोलतां सर्व सांगतो, तशी ही वही सांगते. महिन्यांत पावशेर वजन घटलें तर डोळ्यांस तें दिसत नाहीं, वहींत दिसतें. ही वही पशुवैद्यापुढें ठेवल्यास त्याचें अर्धें काम होतें. घरांत मुलें असतील त्यांस हें काम द्यावें. निरीक्षणाचें यापेक्षां चांगलें शिक्षण शाळेंतहि मिळणार नाहीं.

घरच्या शुचितेविषयीं वडील मंडळींस जी काळजी वाटते तीहि रास्तच आहे. सशाची जागा स्वयंपाकघरापासून दूर असावी, त्याचीं कापडें वेगळीं धुवावीं, हाताळल्यावर साबणानें हात धुवावे, व त्याच्या अंगावर केस जाऊन गोल चट्टे दिसल्यास मुलांस दूर ठेवून वैद्यास दाखवावें, कारण नायटा सशापासून मनुष्यास होतो. कोरड्या लेंड्या तुळशीवृंदावनास नाहीं तरी बागेंतील झाडांस उत्तम खत होत. एवढें पाळल्यास ससा घरांत असल्यानें कोणाच्या नेमधर्मास बाध येण्याचें कारण नाहीं.

सर्व करूनहि अशी वेळ येते कीं, ससा खात नाहीं, उठत नाहीं, औषधानें दुखणें हटत नाहीं, व चांगल्या दिवसांपेक्षां वाईट दिवस अधिक होतात. अशा वेळीं पशुवैद्य त्यास वेदनारहित मरण देऊं शकतो. याविषयीं घरोघरीं मतें निराळीं असणार. आम्ही कोणावर आपलें मत लादीत नाहीं. मात्र निर्णय त्या प्राण्याच्या वेदनेकडे पाहून व्हावा. त्याच्या दर्पाचा किंवा आपल्या सोयीचा विचार त्यांत नसावा. आणि ज्या मुलासाठीं तो आणला, त्यास परगांवीं असला तरी अगोदर कळवावें.

आपल्या भाषेंत वचन पाळतात, व्रत पाळतात आणि प्राणीहि पाळतात. तिन्ही ठिकाणीं क्रियापद एकच, व त्याचा मूळ संस्कृत धातु 'रक्षण करणें' या अर्थाचा. व्रत जसें सोयीचें असेतोंवर पाळून मग सोडतां येत नाहीं, तसाच प्राणीहि. ससा तरुण व गोजिरवाणा असतांना त्यास पाळणें सर्वांसच जमतें. आठव्या वर्षीं सकाळ-संध्याकाळ त्याची शेपटी उचलून पाहणारा हात घरांत एक तरी असावा. आमच्या अनुभवास असें आलें आहे कीं, असा हात बहुधा घरांतील सुनेचा किंवा आजीचाच असतो. इतरांनीं निदान तराजू व वही तरी आपल्याकडे घ्यावी.

उन्हाळा सशांस फार कठीण जातो. त्यास घाम येत नाहीं व कानांवाटेंच तो अंगांतील उष्णता टाकतो. वाळ्याचा पडदा, ओली फरशी, ओल्या फडक्यांत गुंडाळलेली गार पाण्याची बाटली यांचा उपयोग कसा करावा, याविषयीं पुढील अंकीं लिहूं.